शेगडी नेली, किटली राहिली

३ मार्च, बुधवार

भिंगरे,

आशीर्वाद घे, बाजूला ठेव आणि आधी हे ऐक. तुझ्या बापाने माझी शेगडी नेली.

काल सकाळी आला, हातात पाना. मला वाटलं, नळी बदलायला आलाय, लेकाला सुबुद्धी झाली. त्याने नळी काढली, शेगडी उचलली, सिलिंडर उचलला आणि खाली गाडीत नेऊन ठेवला. वर येऊन घाम पुसत म्हणतो, "आई, आता तुला आराम." मी म्हटलं, "आराम मेल्यावर आहेच की. त्याची एवढी घाई कोणाला झालीय?"

झालं होतं काय, तर गेल्या आठवड्यात दुधाचं पातेलं करपलं. बर्नर खराब होता. जरा धूर झाला. खालच्या मजल्यावरचा शिंपी, तोच, ज्याने तुझ्या शाळेच्या गणवेशाची एक बाही लांब शिवली होती, त्याने तुझ्या बापाला फोन केला. टाचणीएवढी गोष्ट, त्याने तिची तलवार केली.

एकतीस वर्षं मी कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज तीनशे माणसांना रांधून घातलं. आता मला दोन वेळचा डबा येतो. भाजी तोंडात घातली की कळत नाही, भाजी चावतेय की झाकणाचं रबर. शेगडीच्या जागी विजेची किटली ठेवून गेलाय. पाणी उकळलं की आपली आपण बंद होते. माझ्यापेक्षा शहाणी आहे, असं त्याचं म्हणणं.

आणि खरा डाव पुढेच आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे माझ्याकडे जमतात. या खेपेला अठ्ठावीस तारखेला बसून म्हणे 'काय ते ठरवायचं'. म्हणजे मी या दोन खोल्या सोडायच्या आणि त्याच्या घरी मागच्या खोलीत जायचं. तिथे खाट आहे, टीव्ही आहे, खिडकी आहे. शेगडी नाही. तुझी आई आठ दिवस ती खोली आवरतेय, तेव्हा ही अक्कल कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला कळतं.

मला माझी शेगडी परत हवी. दुसरं काही नको. भांडून मिळायची नाही. मी आवाज चढवला की तो माझा रक्तदाब मोजायला काढतो. म्हणून करून दाखवायचं. विस्तवाशिवाय, नुसत्या किटलीच्या पाण्यावर होईल आणि खाणारा बोटं चाटील, असं काहीतरी सांग. तू त्या चॉकलेटवाल्यांकडे कामाला आहेस, तुला ठाऊक असेल. फोन करू नकोस. फोनवर मी ओरडून बोलते आणि ते खाली शिंप्याला ऐकू जातं.

तुझी आजी

७ मार्च

आजी,

पत्र वाचून आधी हसले, मग बाबांचा राग आला, मग परत हसले.

तुला ट्रफल शिकवते. नावाला घाबरू नकोस. चॉकलेट आणि क्रीम एकजीव केलं की त्याला गनाश म्हणतात. गनाशचे गोळे वळले की झाले ट्रफल.

दोनशे ग्रॅम काळं, कमी गोड चॉकलेट सुरीने बारीक चिर. किटलीतलं उकळतं पाणी पातेल्यात ओत, त्यात चॉकलेटचा वाडगा ठेव आणि अर्धवट विरघळू दे. दुसऱ्या पातेल्यात तसंच शंभर ग्रॅम क्रीम गरम कर. पाणी निवलं की बदल. क्रीमला बोट लावून पटकन मागे घ्यावंसं वाटलं की झालं. ते चॉकलेटवर ओत आणि शंभर आकडे मोजेपर्यंत हात लावू नकोस. तुला हेच जड जाणार! मग चमचा मधोमध उभा धरून लहान लहान गोल फिरव. चमक मधे येते आणि बाहेर पसरत जाते. निवलं की दोन तास फ्रिजमध्ये. मग चमच्याने थोडं थोडं काढून तळहातावर वळ आणि कोको पावडरमध्ये लोळव. एकच पथ्य: चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब जाता कामा नये.

माझं इथे झकास चाललंय. या आठवड्यात सोनेरी खोके आले, त्यांना तपकिरी रिबीन. लहान खोक्याला अरुंद रिबीन, मोठ्याला रुंद. रिबिनीची गाठ कशी सरळ बसते ते तुला दाखवायला हवं.

बाबांवर फार चिडू नकोस. बर्नर खराब होता, हे त्यांना सांगितलंस का?

भिंगरी

१२ मार्च

भिंगरे,

तुझं चॉकलेट भिकार आहे. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

सामान शिंप्यानेच आणून दिलं. मी त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, "शिंपीदादा, तुमच्या एका फोनने माझी शेगडी गेली. आता निदान दुकानात तरी जा." बिचारा तीन वेळा "वहिनी, माझा हेतू तसा नव्हता" म्हणाला. मी म्हटलं, "हेतू राहू द्या, पिशवी घ्या."

तू सांगितलंस तसं सगळं केलं. चिरलं, वाडगा पाण्यात ठेवला, पातेल्यावर झाकण घातलं. थोड्या वेळाने बघते तर चॉकलेटचा गारा! भिंतीला लिंपावा असा. चमचा उभा राहिला, आणि तो उपटायला मला दोन्ही हात लावावे लागले. शिंपी म्हणाला, "वहिनी, याची बटणं छान होतील." त्याला हाकलला.

दुसऱ्या खेपेला क्रीमचं पाकीट संपलं होतं म्हणून घरातली साय घातली. साय म्हणजे क्रीमच की, नुसती पाकिटाबाहेरची. ते फाटलं. वर तेल तरंगलं, खाली वाळू बसली. तेही टाकलं नाही, शिंप्याला खायला घातलं. फोन केल्याची शिक्षा. त्याने वाटी पुसून खाल्ली, म्हणजे त्याच्या जिभेवर काही भरवसा ठेवण्यासारखा नाही.

आता तुझं. मी चौथी शिकलेय, पण वाचता येतं. तुझ्या पत्रात रिबीन तीनदा आली, खोके आले, गाठ आली. चॉकलेट वळायला गेलेली पोरगी स्वतःच्या हाताला चॉकलेट लागल्याचं एकदाही लिहीत नाही. काय लपवतेस?

आजी

१६ मार्च

आजी,

झाकण! आजी, झाकण कशाला घातलंस? पातेल्यातली वाफ झाकणाला धरली आणि तिचे थेंब चॉकलेटमध्ये पडले. एवढ्यानेच गारा होतो. चॉकलेट उघडं ठेवायचं असतं. मला माहीत आहे, तू पाण्याचा पेलासुद्धा झाकून ठेवतेस.

आणि साय फार तुपट, म्हणून फाटलं. फाटलं तरी टाकायचं नाही. चमचाभर गरम दूध घाल आणि मधोमधून हळूहळू फिरव. पुन्हा जुळून येतं.

आता तुला खरं सांगते. महिना झाला, मी गोळे वळत नाही. माझे हात गरम आहेत. दुसऱ्यांच्या हातात गोळा होतो, माझ्या हातात तोच पातळ होऊन बोटांमधून गळतो. मोठ्या शेफ सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही शेकोटी खोक्यांवर बसवा." तेव्हापासून रिबीन. तीस तारखेला शेवटची परीक्षा आहे. जमलं तर ठेवतील, नाहीतर परत येईन. बाबांनी त्यांच्या ऑफिसात कोणाला तरी विचारून ठेवलंय. कदाचित तेच बरं.

आणखी एक. काल बाबांचा फोन आला होता. ते म्हणाले, बर्नरला काही झालं नव्हतं, तू झोपली होतीस. खरं का?

भिंगरी

२० मार्च

भिंगरे,

खरं.

दूध ठेवलं आणि खुर्चीत टेकले. म्हटलं, जरा डोळे मिटावेत. उघडले तेव्हा धूर होता. बर्नर बिचारा निर्दोष. त्याच्यावर ढकललं, कारण तो उलट बोलत नाही.

पण पुढचंही ऐक, जे तुझा बाप सांगणार नाही. शिंप्याने फोन फिरवायच्या आधी मी उठले होते, शेगडी बंद केली होती, खिडक्या उघडल्या होत्या आणि पातेलं मोरीत टाकून त्यावर पाणी सोडलं होतं. चूक माझी आणि निस्तरली पण मीच. तुझा बाप सोळा वर्षांचा असताना नळ उघडा टाकून खेळायला गेला. घरात घोट्याएवढं पाणी, गाद्या भिजल्या, खालच्यांचं छत गळलं. मी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि त्याच्याच हातून फरशी पुसून घेतली. नळ नाही काढून नेला.

आता गोळे. झाले!

काल झाकणाशिवाय केलं. झाकण कपाटावर ठेवलं, म्हणजे सवयीने हात गेला तरी पोचू नये. शंभर मोजताना साठावर चमचा उचलला होता, परत ठेवला. मग मधोमध फिरवलं तर खरंच चमक आली, काळ्या आरशासारखी. त्यात माझं तोंड दिसलं. तेवढं एक वगळता सगळं सुरेख.

आणि वळायला बसले तेव्हा काय कळलं माहीत आहे? माझे हात बर्फ आहेत. वयाने रक्त बोटांपर्यंत जायला कंटाळतं. डॉक्टर त्याला दुखणं म्हणतो, तुझे आजोबा हात लागला की दचकून ओरडायचे, आणि तुझा बाप मोजे घाल म्हणून मागे लागतो. तेच हात, गोळा जरासुद्धा चिकटला नाही. बावीस वळले, एकावर एक ठेवावेत असे. शिंपी बघत राहिला. म्हणाला, "वहिनी, टीप सरळ आहे." त्याच्याकडून याहून मोठी तारीफ होत नाही.

तुझ्या हातांचं सांगते. आमच्या कँटीनमध्ये एक थोराड बाई होती, तिचे हात तव्यासारखे. लोण्याचं पीठ मळायला घेतलं की लोणी पळायचं. तिने काय केलं? थंड पाण्याने भरलेला स्टीलचा पेला शेजारी ठेवायची. चार गोळे झाले की पेला मुठीत धरायचा, हात कोरडा पुसायचा, पुढचे चार. तळवा लावायचा नाही, नुसती बोटं. आणि एका दमात वळायचं नाही. आधी चमच्याने ढेकळं पाडून फ्रिजमध्ये टाकायची, ती कडक झाली की वळायची. पंचवीस वर्षं टिकली ती, आणि तिला हसणाऱ्या दोघी वर्षात गेल्या.

बापाच्या ऑफिसात जायचं असेल तर हौसेने जा. हात गरम आहेत म्हणून जाऊ नकोस. एका घरात एका वेळी एकीचीच चूल विझलेली पुरे.

आजी

२४ मार्च

आजी,

पेला आणला. चार-चारचा हिशेब बसत नाही, माझे तिसऱ्यालाच सुटतात. म्हणून तीन आणि पेला, तीन आणि पेला. बाकीच्या हसतात. शेफनी काल येताजाता बघितलं, काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत की आमच्याकडे सणासारखं वाटतं.

रविवारी शांतपणे बोल. बाबा घाबरलेत, दुष्ट नाहीत.

भिंगरी

२९ मार्च

चि. भिंगरीस,

तुझ्या आजीला आता तूच समजाव.

काल आम्ही गेलो. तिने ताटलीत चॉकलेटचे गोळे ठेवले होते. उत्तम होते. मी पाच खाल्ले. विचारलं, "आई, कोणत्या दुकानातले?" म्हणाली, "ओळख." तुझ्या आत्याने शहरातल्या सगळ्या दुकानांची नावं घेतली. मग आजी म्हणाली, "या ओट्यावर केलेत. मी."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे हिने दुसरी शेगडी आणली! मी ओट्याखाली बघितलं, खाटेखाली बघितलं, कपाटावर बघितलं. तिथे एक झाकण सापडलं, का ते कळलं नाही. खालच्या शिंप्यालाही विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मी फक्त पिशव्या आणल्या." शेवटी आजीने किटलीकडे बोट दाखवलं. सगळे हसले, आणि मी चिडलो. किटली उचलली, तर तुझ्या आईने मधेच माझा हात धरला. "राहू द्या, त्यांना चहाला पाणी लागतं." ती कधी मधे पडत नाही, काल का पडली कळलं नाही.

आजी म्हणाली, "ने की किटली. मी चॉकलेट खिडकीत उन्हात ठेवीन. ऊन कसं नेशील? गाडीत मावायचं नाही." आणि वर, "म्हातारीने कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तसं लेकाने शेगडी नेली म्हणून म्हातारीचं शिजायचं राहत नाही."

मग एकदम म्हणाली, "हो, मी झोपले होते. सगळ्यांनी ऐका, दोनदा सांगणार नाही." आणि गजराचं जुनं घड्याळ टेबलावर आपटलं. शेगडी पेटली की ते मांडीवर घेऊन बसेन, म्हणे. मी म्हटलं, "घड्याळाच्या भरवशावर तुला सोडू?" तर म्हणाली, "किटलीच्या भरवशावर सोडलंस ना?"

काही ठरलं नाही. मी विचार करतो म्हटलं.

तू इथे नव्हतीस त्या दिवशी. शिंप्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून कसा गाडी चालवत गेलो ते माझं मला माहीत. वर पोचलो तर ही वर्तमानपत्राने धूर हाकत होती, आणि मला म्हणाली, "आलास? दूध नाही, काळा चहा चालेल?" तेव्हापासून फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली उचलतो, मग फोन. हे तिला सांगू नकोस.

तुझे बाबा

१ एप्रिल

बाबा,

परवा मला कामावर पक्कं केलं. गोळ्यांवर, खोक्यांवर नाही. शेफ म्हणाल्या, "शेकोटी, तुझा पेला माझ्या टेबलावर ठेवायचा नाही." तेवढंच, पण ते मला पुरे. तुमच्या ऑफिसातल्या माणसाला नाही कळवा.

आजीला मी समजावणार नाही. तुम्हाला एकच विचारते. सोळाव्या वर्षी तुम्ही नळ उघडा टाकून खेळायला गेला होतात. त्यानंतर आजीने नळ काढून नेला का?

भिंगरी

५ एप्रिल

भिंगरे,

तुझ्या पेल्याचं कळलं. शाबास. पुढचं ऐक, हात कामात आहेत म्हणून भराभर लिहिते.

तुझा बाप 'विचार करतो' म्हणाला. तो विचार करायला लागला की ऋतू बदलतात. म्हणून बुधवारी तो ऑफिसला गेल्यावर मी आणि शिंपी छोटा टेम्पो करून तुमच्या घरी गेलो. मनात भांडण तयार करून गेले होते, पहिलं वाक्यसुद्धा ठरलं होतं. तुझ्या आईने दार उघडलं. दाराशीच शेगडी, घासून पुसून, जुन्या चादरीत बांधलेली. शेजारी सिलिंडर.

मी म्हटलं, "हे काय?"

ती म्हणाली, "तुम्ही सोमवारीच न्याल वाटलं होतं. उशीर केलात."

"आणि ती खोली कोणासाठी आवरत होतीस?"

"माझ्या शिकवणीच्या मुलांसाठी. आई, स्पष्टच बोलते. तुम्ही इथे राहायला आलात तर महिन्याभरात आपण दोघी एकमेकींना कच्चं खाऊ."

बावीस वर्षं मी त्या बाईला मऊ समजत होते. माझी चूक. तिला चार गोळे दिले, आणि झाकण घालू नकोस, एवढा एकच मंत्र सांगितला.

सिलिंडर टेम्पोवाल्याने वर चढवला. शिंपी "जपून, जपून" म्हणत मागून चढला, ते त्याचं योगदान. नळी मी लावली.

काल रविवार नसता तरी तुझा बाप आला असता. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. शेगडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाला, "नळाचं तिला तू सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं. खालच्यांच्या छताचंही सांगितलं. मोरीतल्या तुझ्या दुसऱ्या पराक्रमाचं अजून सांगितलेलं नाही, ते राखून ठेवलंय."

त्याने पिशवीतून कोरी नळी काढली. माझी जुनी सोडवली, नवी बसवली, वर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघत राहिला. आले नाहीत. पुन्हा फेस लावला. पुन्हा आले नाहीत. मग हात धुतले आणि मोरीतला नळ दोनदा घट्ट पिळला. जाताना म्हणाला, "आई, घड्याळाला चावी रोज दे." मी म्हटलं, "तू फोन वाजला की घाबरत जाऊ नकोस. खालचा शिंपी आता माझ्या बाजूचा आहे." तो चपापला. कोणी काही सांगितलं नाही मला. लेकाचं पोट आहे, मीच भरलंय, आत काय चालतं ते कळतं.

तो म्हणेल, मी हट्टी आहे. आहेच. उद्या पुन्हा डोळा लागेल, तेही खरं. वय झालंय, लपवून काय करू? पण डोळा लागतो म्हणून माझी चूल कोणी उचलायची नाही. चूल उतरवायची वेळ झाली की मीच उतरवीन, आणि त्या दिवशी तुला पत्र लिहीन. हे ते पत्र नाही.

आत्ता दूध ठेवलंय. यावेळी क्रीम शेगडीवरच गरम करणार होते, पण खरं सांगू, किटलीच्या पाण्यावरच जास्त चांगलं होतं. हे तुझ्या बापाला कळवायची गरज नाही. घड्याळ मांडीवर आहे, टिकटिक गुडघ्याला लागतेय. पानाची एवढीच जागा

वाजलं. उठले.